सेरंगूनच्या बंगल्याचा एसी बदलला तेव्हा

सिंगापूरमधल्या आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर निशिकांत आगटे राहतात, मी बाराव्यावर. लिफ्टमध्ये भेटले की आगटेकाका आधी लिफ्टचा आवाज ऐकतात आणि मग माझ्याकडे बघतात. "बेअरिंग गेलंय," असं एकदा म्हणाले आणि आठवड्याभरात लिफ्टवर दुरुस्तीची पाटी लागली. तेव्हापासून माझ्या फ्रिजने जरा वेगळा सूर लावला की मी त्यांनाच बोलावते.

काका मूळचे मिरजेचे. डिप्लोमा करून पुण्यात एका कारखान्यात बॉयलरवर लागले, मग थंड हवेच्या यंत्रांकडे वळले आणि त्र्याण्णव साली सिंगापूरला आले. शेवटची अठरा वर्षं चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बारा मजली इमारतीचा एसी प्लांट त्यांच्या ताब्यात होता. वर बँकेची हजारभर माणसं स्वेटर घालून बसायची आणि खाली तळघरात काका पाइपवर तळहात ठेवून उभे असायचे. त्यांच्याबद्दल तिथे एक गोष्ट सांगतात. आग विझवायच्या पंपाची वार्षिक तपासणी होती. पंप सकाळीच चालवून पाहिला, आता तुम्ही फक्त सही करा, असं सगळे म्हणत होते. काका म्हणाले, "मी पाहिला नाही." पंप पुन्हा चालवायला संध्याकाळ झाली. काका तोवर स्टुलावर बसून राहिले. सही केली ती पाण्याचा दाब स्वतः वाचून.

निवृत्त झाल्यावर ते जुन्या इमारतींच्या पाहणीची लहानसहान कामं घेत. त्यात ॲस्बेस्टॉसची पाहणीही असे, तिचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी नोकरीत असतानाच घेतलं होतं. इथे एक्क्याण्णवच्या आधीच्या बांधकामात तोडफोड करायची तर ही पाहणी करावीच लागते. आणि काकांना या विषयाचं नुसतं प्रशिक्षण नव्हतं. पुण्याच्या कारखान्यात त्यांचे पहिले मिस्त्री बॉयलरच्या जोडांना ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळत. दोर कापताना उडणारी पांढरी भुकटी ते फुंकरीने उडवायचे. काका बावीस वर्षांचे होते, शेजारी उभे राहून दोर धरायचे. मिस्त्री पुढे तीस वर्षांनी छातीच्या रोगाने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना दोन शब्द बोलून मध्ये थांबावं लागायचं. काका त्यांना भेटायला गेले होते. ते कसं होतं, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं.

काकांच्या पत्नी सरोजिनीकाकू पुण्याच्या, माहेरच्या सबनीस. त्यांचा धाकटा भाऊ रवींद्र. काका त्याला रवी म्हणतात, म्हणून मीही इथे तसंच म्हणते. रवी दोन हजार एक साली बायको-मुलाला पुण्यात ठेवून नोकरी शोधायला सिंगापूरला आला तो या अकराव्या मजल्यावरच्या घरात. मधल्या छोट्या खोलीत दोन वर्षं राहिला. मुलाखतीला जाताना काकांचा टाय बांधून जायचा. डेंग्यू झाला तेव्हा काका रजा टाकून हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसले होते. पुढे तो बँकेत लागला, भराभर वर चढला, नागरिक झाला. तीन वर्षांपूर्वी त्याने सेरंगूनला एक मोठा, जुना बंगला घेतला.

बंगला एका लाकडाच्या व्यापाऱ्याने सत्तरच्या सुमारास बांधलेला. नऊ खोल्या, उंच छत, आणि त्या काळात कौतुकाची असलेली मध्यवर्ती एसीची यंत्रणा. मागच्या अंगाला एका स्वतंत्र खोलीत मोठं यंत्र, आणि तिथून गार हवेचे पत्र्याचे रुंद डक्ट छताच्या पोकळीतून नऊही खोल्यांत गेलेले. एक खोली गार करायची तर सगळं घर गार करावं लागे. यंत्र सुरू झालं की जेवणाच्या टेबलावरचे चमचे किणकिणत. डक्टमधून कुबट वास येई आणि दोन खोल्यांच्या छतातून गंजाचं पाणी ठिबके.

"भाऊजी, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही," रवी म्हणाला. "नव्याची आखणी तुम्ही करा. कंत्राटदार माणसं देईल, पण डोकं तुमचं."

काका खूष झाले. निवृत्तीनंतर इतकं खूष मी त्यांना पाहिलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन बसने सेरंगूनला जायचे. छताच्या पोकळीत शिरून, गुडघ्यांवर रांगत त्यांनी प्रत्येक डक्ट मोजला. कुठल्या खोलीत दुपारचं ऊन येतं, रवीच्या आईच्या खोलीत गार झोत अंगावर येणार नाही असं यंत्र कुठे बसवायचं, सगळ्याचे नकाशे पेन्सिलने काढले. जुन्या एका राक्षसाच्या जागी तीन लहान यंत्रणा, ज्या खोलीत माणूस तेवढीच खोली गार. काकू मला म्हणाल्या होत्या, "बघ, नवरा परत नोकरीला लागलाय."

ऑगस्टमध्ये काकांना डक्टच्या वळणांवर, कापडी पट्टीच्या खाली, करडा लेप दिसला. वाळलेल्या प्लॅस्टरसारखा. कडेला तो सुटून तंतू लोंबत होते. काका तिथून हळूच मागे सरकले, खाली आले आणि त्यांनी कामगारांना छतात जायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी मास्क लावून, पाणी मारून त्यांनी तीन नमुने पिशव्यांत घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. दोन नमुन्यांत ॲस्बेस्टॉस निघालं.

रवीला त्यांनी बंगल्याच्या व्हरांड्यात बसवून सांगितलं. आता हे डक्ट कुणीही काढू शकत नाही. परवाना असलेली माणसं लागतील, मनुष्यबळ मंत्रालयाला आधी कळवावं लागेल, खोल्या प्लास्टिकने बंद करून काम होईल. दोन-अडीच महिने वाढतील.

"म्हणजे फेब्रुवारी," रवी म्हणाला. त्याच्या मुलाचं, विक्रांतचं लग्न डिसेंबरमध्ये होतं. लग्न याच घरात, हिरवळीवर मांडव घालून करायचं ठरलं होतं. पुण्याहून साठ माणसं यायची होती.

"लग्न दुसरीकडे कर. घर कुठे पळून जात नाही."

रवीने हिरवळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे भाऊजी. तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी अहवाल लिहिला. कुठल्या वळणावर किती लेप आहे त्याच्या नकाशासकट. खाली मराठीत सही केली. सही ते कायम मराठीतच करतात. अहवाल रवीच्या हातात दिला. पुढचं मंत्रालयाला कळवायचं आणि परवानेवाले लोक नेमायचं काम घरमालकाचं, ते रवी करणार होता.

ऑक्टोबरमध्ये काकांच्या पुतण्याच्या मुलाचं बारसं मिरजेला होतं. रवीनेच आग्रह धरला. "परवानेवाले लोक आता येतील, त्यांच्या कामात तुम्हालाही आत जाता येणार नाही. ताईला घेऊन जाऊन या. दोन वर्षं गेला नाहीत." विमानाची तिकिटंही त्याने काढली. दोघं तीन आठवडे राहिले. काकांनी तिथे सगळ्यांना बंगल्याचे नकाशे फोनवर दाखवले. मेव्हण्याचं घर आहे म्हणून अभिमानाने सांगितलं.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका सेरंगूनला गेले. बंगल्याभोवती ना प्लास्टिकचे पडदे होते, ना सूचनेची पाटी. आत छत मोकळं होतं. जुने डक्ट गायब, मागच्या खोलीतलं यंत्र गायब. नव्या यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या बसल्या होत्या, काकांच्याच नकाशाप्रमाणे, एकाही इंचाचा फरक नाही. दोघेजण छताला रंग देत होते.

कंत्राटदाराचा मुकादम सेल्वम म्हणून होता. पन्नाशीचा, तंजावरकडचा, वीस वर्षं सिंगापूरला. तो काकांना बघून हसत पुढे आला.

"डक्ट कुणी काढले?" काकांनी विचारलं.

"आम्हीच, सर. सहा माणसं. दोन दिवसांत सगळं खाली."

"मास्क?"

"कागदाचे होते. उकडायला लागल्यावर मुलांनी काढून टाकले." सेल्वमचं हसू कमी झालं. "खूप धूळ झाली, सर. पिठाच्या गिरणीसारखी. पण तुमचं पत्र होतं ना. मी मुलांना सांगितलं, आगटेसरांनी सही केली आहे, म्हणजे त्यांनी स्वतः बघितलंय. काळजी नको."

"कुठलं पत्र?"

सेल्वमने साइटवरची फाइल आणली. त्यात एकच पान होतं. बंगल्याच्या छताची आणि डक्टची पाहणी केली असता ॲस्बेस्टॉस आढळलं नाही, तोडकामाला हरकत नाही, असं लिहिलेलं. कंत्राटदाराने शाईच्या सहीशिवाय काम सुरू करायला नकार दिला होता, म्हणून हे मूळ पान. खाली मराठीत सही, निशिकांत आगटे.

काका मला म्हणाले, "मी मजकूर नंतर वाचला. आधी सही पाहिली. ती माझी नव्हती, आणि कुणाची होती हेही मला त्याच क्षणी कळलं."

त्यांची मुलगी ऋचा शाळेत असताना काका दोन पाळ्यांत काम करायचे. शाळेच्या डायरीत वडिलांची सही लागायची, ती काकूच करून टाकायच्या. हुबेहूब करायच्या. फक्त काका शिरोरेघ एका दमात ओढतात, काकू नाव आणि आडनावाच्या मध्ये हात उचलतात. त्या पानावर शिरोरेघ मध्ये तुटलेली होती.

काका पान परत फाइलीत ठेवून निघाले. सेरंगूनहून बिशान एमआरटी मेट्रोने दोन स्टेशनं, पण ते चालत आले. तास लागला असेल.

काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. काकांनी चपलाही काढल्या नाहीत.

"सरोज, रवीच्या पत्रावर तू सही केलीस?"

काकूंनी मान वर केली नाही. "हो."

"वाचून?"

"वाचून."

काकू मला नंतर म्हणाल्या, की तेव्हा खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं. न वाचता केली म्हटलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण तोंडातून तसं निघालं नाही.

"तुला माहीत होतं छतात काय आहे."

"तुम्ही रोज तेच तर सांगत होतात." काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "रवी आला, तुम्ही बाजारात गेला होतात. म्हणाला, ताई, आईला नातवाचं लग्न या घरात बघायचंय, ती पुढच्या वर्षी असेल की नाही माहीत नाही. म्हणाला, पन्नास वर्षं लोक त्या छताखाली झोपले, कुणाला काही झालं नाही. भाऊजी ऐकणार नाहीत, तू कर. मला एकच भाऊ आहे."

"ते सहाजण छताखाली झोपलेले नव्हते. त्यांनी ते हाताने फोडलं."

काकूंनी मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.

"तीन आठवडे माझ्याबरोबर मिरजेला होतीस," काका म्हणाले. "मी सगळ्यांना नकाशे दाखवत होतो. तू शेजारी बसून होतीस."

"हो," काकू म्हणाल्या. "तेव्हाच काम चाललं होतं."

संध्याकाळी रवी स्वतःच आला. सेल्वमने कंत्राटदाराला सांगितलं असणार. तो चहा न घेता सोफ्याच्या कडेवर बसला आणि आवाज न चढवता बोलला. घरात राहणार आपण, धोका असेल तर आपल्याला. दोन दिवसांच्या धुळीने माणूस मरत नाही, हे त्याने एका डॉक्टर मित्राला विचारलं होतं. झालं ते झालं, डक्ट तर परत येत नाहीत. आता कुणाला कळवून कुणाचं भलं होणार?

"त्या सहाजणांना कुणी विचारलं का?" काका म्हणाले.

"भाऊजी, त्यातले चारजण दुसऱ्या साइटवर गेलेसुद्धा."

"त्यांची नावं सांग."

रवीला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

जाताना तो दारात थांबून म्हणाला, "तुम्ही तक्रार केलीत तर माझं जे व्हायचं ते होईल. पण सही ताईची आहे. तेवढा विचार करा." काका म्हणतात, की इतक्या वर्षांत रवीबद्दल त्यांना खरं वाईट वाटलं ते या एका वाक्याने. धुळीबद्दल तरी त्याला नीट कळलं नसेल असं म्हणता आलं असतं. हे मात्र त्याने पूर्ण समजून केलं होतं. मोठ्या बहिणीला त्याने आधीपासूनच ढाल करून पुढे उभं केलं होतं.

काकांनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत ते माझ्याकडे येऊन बसले, कारण खाली घरात दोघांना एकमेकांसमोर बसणं अवघड झालं होतं. ऋचाचा मेलबर्नहून फोन आला तोही त्यांनी माझ्याकडेच घेतला. ती रडत होती. "बाबा, आईला यात ओढायची काय गरज आहे? जस्ट लीव्ह इट लाह, सोडून द्या ना. कुणाला कळणार नाही."

"सेल्वमला माहीत आहे," काका म्हणाले. "त्याने माझ्या नावावर माणसांना आत पाठवलं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना आणि रवीला आधी सांगितलं आणि मग मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली. स्वतःचा खरा अहवाल, प्रयोगशाळेचे निकाल आणि त्या खोट्या पानाचा फोटो जोडला. त्याच आठवड्यात बंगल्याचं काम बंद झालं. परवानेवाल्या लोकांनी पांढरे पोशाख घालून सगळं घर पुसून काढलं, फॉल्स सीलिंग आणि नवी यंत्रंसुद्धा उतरवली. विक्रांतचं लग्न हॉटेलात झालं.

चौकशीला काकांना तीनदा बोलावलं. पहिल्यांदा संशय त्यांच्यावरच होता. अधिकारी बाईंनी त्यांच्याकडून पाच सह्या करून घेतल्या आणि विचारलं, "ही सही कुणी केली असेल असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत नाही, माहीत आहे," काका म्हणाले. "माझ्या पत्नीने. तिने मला तसं सांगितलंय."

घरी येऊन त्यांनी काकूंना हे जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "माझं नाव घेतलंत." काका म्हणाले, "घेतलं." सहीचं प्रकरण पोलिसांकडे गेलं, काकूंना त्यांनी दोनदा बोलावलं. काकूंनीही सगळं कबूल केलं. वय आणि आधीचा काही गुन्हा नसल्याचं बघून लेखी ताकीद देऊन सोडलं. कंत्राटदार आणि रवी दोघांवर खटला झाला, दोघांना दंड झाला. रवीला बँकेने आधी रजेवर पाठवलं आणि मग राजीनामा द्यायला सांगितलं. त्याची आई आता पुण्यात असते. ती काकांचं नाव काढत नाही.

आमच्यातल्या मराठी लोकांत या गोष्टीचे दोन पक्ष पडले. गणपतीला भेटलेल्या एका बाईंनी मला ऐकवलं, की स्वतःच्या बायकोला पोलिसांत पाठवणारा माणूस कसला. मी तिथे वाद घातला, पण खरं सांगायचं तर काकूंचा चेहरा आठवला की माझाही जोर कमी होतो.

त्या सहाजणांचा शोध काकांनी सेल्वमला घेऊन लावला. रविवारी तुआसच्या कामगार वसतिगृहांत जाऊन एकेकाला गाठलं. धूळ काय होती हे समजावून सांगितलं. तिघांना राग आला, एकजण हसला, एकजण खाली बसून राहिला. सहावा स्वतः सेल्वमच होता, तोही त्या छतात चढला होता. वीस-तीस वर्षं काही दिसणार नाही, कदाचित कधीच दिसणार नाही, पण सिगारेट सोडा आणि छातीची तपासणी चुकवू नका, असं काकांनी सांगितलं. प्रत्येकाच्या हातात तारीख, जागा आणि काम लिहिलेला कागद दिला. पुढे कुठल्याही देशात डॉक्टरला दाखवायला. त्यातले दोघं आता बांगलादेशात परत गेलेत. त्यांना काका फोन करतात. सेल्वम दर दोन-तीन महिन्यांनी बिशानला येतो. वर येत नाही, खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये काकांबरोबर कॉफी पितो. काका म्हणतात, "तो मला अजून सर म्हणतो. पण आता माझ्या तोंडचं ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करतो. बरोबरच करतो."

पाहणीची कामं काकांनी बंद केली. त्यांचं नाव निर्दोष ठरलं होतं, कामं येतही होती. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "माझी सही माझ्या घरात दोघांना येते."

दोघं अजून त्याच घरात राहतात. काकू डाळ-भात-भाजी वेळेवर करतात, काका भांडी घासतात. डॉक्टरकडे एकत्र जातात. काकू महिन्यातून एकदा सेरंगूनला भावाकडे जातात, काका त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडतात आणि तिथून परत फिरतात. एकदा मी काकूंना धीर करून विचारलं, की तुम्ही काकांवर अजून रागावला आहात का.

काकू कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. "रागावता आलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "ते बरोबर होते. मी चुकले, हे मी पोलिसांना सांगितलं, ऋचाला सांगितलं, तुला सांगते आहे. त्यांना सांगायला जाते तेव्हा ते म्हणतात, माहीत आहे मला. आणि उठून गॅलरीत जातात."

मी काकांना हे सांगितलं नाही. त्यांनी स्वतःहूनच एकदा विषय काढला. म्हणाले, रवीने फसवलं ते जड गेलं, पण त्याला मनातून बाहेर ठेवता येतं. तो दुसऱ्या घरात राहतो. सरोज सकाळी उठून माझा चहा ठेवते, त्यात साखर किती लागते ते तिला विचारावं लागत नाही. मग त्यांनी माझ्या फ्रिजचा आवाज आता कसा आहे ते विचारलं.